फ्रेंच संगीतातील अभिरुची : सतरावे व अठरावे शतक

फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या मध्यापासून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, म्हणजे ज्यास आज स्थूलमानाने बरोक संगीताचा कालखंड म्हणतात त्या काळात, संगीत ऐकणाऱ्याच्या व्यक्तिगत आवडीनिवडीला असाधारण महत्त्व प्राप्त झाले. जिभेची चव आणि कलेतील आवड या दोहोंसाठी फ्रेंच भाषेत एकच शब्द आहे. मराठीतील ‘रुची’ या शब्दाप्रमाणे तो दोन्हीकडे चालतो. त्या काळातील संगीतविषयक लेखनात हा शब्द पानोपानी आढळतो आणि त्याच्या आडून एक मूलभूत प्रश्न सतत विचारला जातो : एखादी रचना चांगली की वाईट हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? राजाचा, शास्त्र जाणणाऱ्या पंडिताचा, व्यवसायी संगीतकाराचा, की पैसे मोजून नाट्यगृहात उभ्या राहिलेल्या श्रोत्याचा? संगीताचा इतिहास सामान्यतः रचनाकारांच्या नावांनी लिहिला जातो. फ्रान्सचा या काळातील इतिहास मात्र श्रोत्यांच्या बाजूने पाहिल्यास अधिक उलगडतो, कारण तेथील मोठे वाद रचनाकारांपेक्षा श्रोत्यांनीच अधिक त्वेषाने लढविले.

या अभिरुचीची घडण दरबारी संगीतिकेच्या आधी खाजगी दालनांत झाली. ल्यूट हे छेडून वाजवावयाचे तंतुवाद्य सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात सुसंस्कृत घरांतून मानाने वाजविले जाई. त्याचा आवाज लहान असल्यामुळे श्रोते थोडे व जवळ बसलेले असत. दनी गोतिये (१६०३–७२) याच्या ल्यूटरचनांत स्वरमेळ एकदम न वाजविता सुटा सुटा झिरपविण्याची जी पद्धत दिसते, तीच पुढे हार्पसिकॉर्डवादकांनी उचलली. गायनात मीशेल लांबेर (१६१०–९६) याच्या गीतांना व त्याच्या शिकवणीला मोठी प्रतिष्ठा होती. साधी चाल प्रथम जशीच्या तशी गावी आणि दुसऱ्या कडव्यास तीच चाल नाजूक अलंकरणाने सजवावी, हा त्या गायनाचा विशेष होय. मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) या पंडिताने १६३६ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या आपल्या बृहद्ग्रंथात फ्रेंच व इटालियन गायनातील भेद नोंदविला आहे. इटालियन गायक मनोविकार तीव्रतेने प्रकट करतात, तर फ्रेंच गायक कानाला गोड लागेल अशा मार्दवावर संतुष्ट असतात, असे त्याचे निरीक्षण होते. पुढील शतकभर चाललेल्या वादाचे बीज या निरीक्षणात सापडते. कार्डिनल माझारँ याने इटालियन संगीतिका पॅरिसमध्ये आणविल्या आणि १६४७ मध्ये लुईजी रोस्सीची ‘ऑर्फेओ’ तेथे झाली. परंतु त्या परक्या नाट्यप्रकाराने पॅरिसचे मन जिंकले असे म्हणता येत नाही.

चौदावा लूई (कारकीर्द १६४३–१७१५) याची आवड हा या इतिहासातील पहिला मोठा घटक होय. तो स्वतः गिटार वाजवीत असे आणि नृत्यात निपुण होता. १६५३ मध्ये ‘रात्रीचे बॅले’ या दरबारी नृत्यनाट्यात चौदा वर्षांच्या या राजाने उगवत्या सूर्याची भूमिका केली. नृत्याची ही आवड केवळ हौसेची नव्हती. तालाची स्पष्टता, वाक्यांची समप्रमाण बांधणी आणि पावलांना आधार देणारी बासची ओळ हे गुण फ्रेंच संगीतात जे खोलवर रुजले, त्यांचे मूळ नर्तक राजाच्या कानात आहे असे म्हणणे फारसे अतिशयोक्त ठरणार नाही. १६६१ मध्ये राजाने सत्ता प्रत्यक्ष हाती घेतली, त्याच वर्षी झां बातीस्त ल्यूली (१६३२–८७) याची दरबारी संगीताचा अधीक्षक म्हणून नेमणूक झाली. ल्यूली जन्माने फ्लॉरेन्सचा इटालियन होता. ज्याच्या संगीताला पुढे अस्सल फ्रेंच अभिरुचीचे प्रमाण मानले गेले तो मनुष्य मूळचा परदेशी असावा, ही गोष्ट त्याच्या कट्टर कैवाऱ्यांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. १६७२ मध्ये त्याने संगीतिका सादर करण्याचा राजमान्य मक्ता विकत घेतला. १६७३ पासून फिलिप कीनो (१६३५–८८) या कवीच्या संहितांवर त्याने जवळजवळ दरवर्षी एक याप्रमाणे संगीत शोकांतिका रचल्या. मक्त्यामुळे अन्य रचनाकारांना मोठ्या नाट्यगृहाची दारे बंद झाली. मार्क आंत्वान शार्पांत्ये (१६४३–१७०४) याच्यासारख्या समर्थ रचनाकाराला आपली ‘मेदे’ ही संगीतिका त्या रंगभूमीवर आणण्यास १६९३ साल उजाडावे लागले. राजाची आवड ही अशा रीतीने कायद्याच्या रूपाने श्रोत्यांवर येत होती.

तथापि कायद्याने नाट्यगृह ताब्यात घेता येते, श्रोत्याचा कान येत नाही. ल्यूलीच्या संगीतिकांबद्दल श्रोत्यांची मते किती वेगवेगळी होती याची एक मार्मिक नोंद ल सेर्फ द ला व्हिएव्हिल (१६७४–१७०७) या नॉर्मंडीतील लेखकाने करून ठेवली आहे. ‘आतीस’ (१६७६) ही राजाची संगीतिका, ‘इझीस’ (१६७७) ही संगीतज्ञांची, ‘फाएताँ’ (१६८३) ही सामान्य लोकांची आणि ‘आर्मीद’ (१६८६) ही स्त्रियांची संगीतिका म्हणून ओळखली जाई. या विभागणीत त्या समाजाचा एक छेदच दिसतो. ‘आतीस’मधील निद्रेचा प्रवेश मंद बासऱ्यांच्या स्वरांवर तरंगत येतो आणि पाहता पाहता दुःस्वप्नाकडे वळतो, ‘फाएताँ’मध्ये यंत्रांच्या साहाय्याने सूर्याचा रथ आकाशातून कोसळतो, ‘आर्मीद’ची नायिका झोपलेल्या शत्रूवर खंजीर उगारते आणि त्याच्या प्रेमात पडते. ‘इझीस’ संगीतज्ञांना प्रिय झाली, पण तिच्यातील मत्सरी देवतेच्या पात्रात राजाची प्रेयसी मादाम द माँतेस्पां हिचे चित्र लोकांना दिसले आणि कीनोला काही काळ दरबाराबाहेर राहावे लागले. श्रोत्यांनी रंगमंचावर काय ऐकावे याचे नियंत्रण शक्य होते. त्यांनी त्यात काय ओळखावे याचे नव्हते.

व्यक्तिगत श्रवणाचे सर्वांत जिवंत पुरावे पत्रांतून मिळतात. मादाम द सेव्हीन्ये (१६२६–९६) हिने जानेवारी १६७४ मध्ये आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रात ‘आल्सेस्त’ या संगीतिकेतील काही जागांनी आपल्याला रडू आवरले नाही असे सांगितले आहे, आणि कादंबरीकार मादाम द ला फायेत हिचीही स्थिती तशीच झाल्याचे नमूद केले आहे. येथे शास्त्राचा किंवा राजाच्या मताचा आधार घेतलेला नाही. अश्रू हेच प्रमाण मानले आहे. याउलट लंडनमध्ये हद्दपारीत राहणाऱ्या सँत एव्हरमाँ या लेखकाने संगीतिका हा प्रकारच विचित्र ठरविला. त्याच्या मते त्यात कवी व संगीतकार एकमेकांच्या आड येतात, आणि नोकराला हाक मारणे किंवा निरोप सांगणे यांसारख्या गोष्टी गाऊन केल्यामुळे नाटकाचा विचका होतो. दोघेही एकाच संस्कृतीत वाढलेले होते.

ल्यूलीच्या चाली लोकांच्या तोंडी किती रुळल्या होत्या, याची साक्ष इंग्रज निबंधकार जोसेफ ॲडिसन याने १७११ मध्ये दिली आहे. पॅरिसच्या संगीतिकेत प्रेक्षक नटांच्या बरोबरीने गातात, असे त्याने काहीशा थट्टेने लिहिले. परक्याला जो गोंगाट वाटला, तो स्थानिक श्रोत्याच्या दृष्टीने आवडीचा उघड आविष्कार होता. ल्यूलीच्या मृत्यूनंतरही त्याच्या संगीतिका पुन्हा पुन्हा रंगभूमीवर आल्या. ‘तेझे’ या १६७५ मधील संगीतिकेचे प्रयोग अधूनमधून १७७९ पर्यंत होत राहिले. यूरोपात इतरत्र दर हंगामास नवे संगीत मागण्याची प्रथा असताना दिवंगत रचनाकाराचे संगीत शतकभर जतन करणारे पॅरिसचे श्रोते हा एक अपवादच होता.

अभिरुचीविषयीचा पहिला मोठा लेखी वाद अठराव्या शतकाच्या आरंभी झाला. रोमची यात्रा करून आलेल्या फ्रांस्वा रागने या धर्मोपदेशकाने १७०२ मध्ये इटालियन व फ्रेंच संगीताची तुलना प्रसिद्ध केली. फ्रेंच संहिता व नृत्ये यांना त्याने श्रेष्ठ मानले, परंतु स्वररचनेचे धाडस, व्हायोलिनवादन आणि विशेषतः खच्ची केलेल्या पुरुष गायकांचे आवाज यांबाबत इटलीला झुकते माप दिले. फ्रेंच श्रोत्यांना हे शेवटचे आवाज मुख्य भूमिकांत रुचत नसत. त्यांचे नायक उंच पट्टीत गाणाऱ्या नैसर्गिक पुरुषी आवाजाचे असत. रागनेला उत्तर म्हणून ल सेर्फने १७०४–०६ या काळात संवादरूपाने विस्तृत तुलना लिहिली. साधेपणा, भावाभिव्यक्ती आणि माधुर्य ही सौंदर्याची लक्षणे ठरवून त्याने इटालियन संगीतातील अतिरेकावर टीका केली. त्याचा खरा महत्त्वाचा विचार मात्र श्रोत्याविषयी आहे. आपल्याला आतून जे वाटते ते प्रथम ऐकावे आणि मग नियमांच्या आधारे त्याची पारख करून घ्यावी. नैसर्गिक भावना आणि उत्तम नियम यांच्या मेळातूनच चांगली अभिरुची निर्माण होते, असे त्याचे मत होते. सनातनी पक्षाचा हा पुढारी श्रोत्याच्या स्वतःच्या भावनेला पहिले स्थान देतो, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट होय.

याच ल सेर्फने चौदाव्या लूईविषयीची एक आख्यायिका सांगितली आहे. इटालियन पद्धतीचे चपळ व्हायोलिनवादन राजाला ऐकवून एका दरबाऱ्याने कौतुकाची अपेक्षा केली. राजाने शांतपणे ऐकून घेतले, स्वतःच्या वाद्यवृंदातील एका वादकाला बोलावून ल्यूलीच्या ‘काद्म्यूस’मधील एक साधी चाल वाजविण्यास सांगितले आणि आपली आवड ही अशी आहे, एवढेच तो म्हणाला. ही गोष्ट वारंवार उद्धृत केली जाते, पण ती एका पक्षाच्या लेखकाने सांगितलेली आहे हे विसरता कामा नये. प्रत्यक्ष नोंदी अधिक गुंतागुंतीच्या आहेत. एलिझाबेत झाके द ला गेर (१६६५–१७२९) या विदुषीने इटालियन वळणाचे व्हायोलिन सोनाटे १७०७ मध्ये राजाला अर्पण केले व ते त्याच्या भोजनसमयी वाजविले गेले. अखेरच्या वर्षांत रविवारी त्याच्यासमोर वाजविणाऱ्या मंडळींत फ्रांस्वा द्यूव्हाल होता; फ्रान्समध्ये व्हायोलिन सोनाट्यांचा पहिला संग्रह १७०४ मध्ये त्यानेच छापला होता. प्रार्थनासंगीताच्या बाबतीत राजा ठाम असे. १६८३ मध्ये राजप्रार्थनागृहासाठी झालेल्या स्पर्धेत मीशेल रिशार दलालांद (१६५७–१७२६) याची निवड राजाच्या आग्रहाने झाली आणि त्याचे भव्य मोटेट, म्हणजे वृंदगान व वाद्यवृंद यांसाठी लिहिलेली लॅटिन स्तोत्रे, दरबारच्या रोजच्या उपासनेचा भाग बनले. सार्वजनिक प्रसंगी भव्यता मागणारा हा राजा रात्री शयनगृहात मात्र रॉबेर द व्हिझे याची गिटार ऐके. एकाच माणसाच्या ठायी इतक्या रुची नांदत असतील, तर एका राष्ट्राची एकच रुची कशी असणार, हा प्रश्न त्या काळच्या वादकांना फारसा सुचलेला दिसत नाही.

तो ज्याला सुचला असा रचनाकार म्हणजे फ्रांस्वा कूप्रँ (१६६८–१७३३). १६९३ मध्ये तो राजाचा ऑर्गनवादक झाला. तरुणपणी कोरेल्ली या इटालियन रचनाकाराच्या संगीताने तो भारून गेला होता. आपला पहिला सोनाटा लोकांपुढे ठेवताना त्याने स्वतःच्या नावाची अक्षरे उलटसुलट जुळवून एक इटालियन वाटणारे नाव तयार केले आणि सार्डिनियाच्या राजाच्या सेवेतील एका नातेवाइकाने ही रचना धाडली अशी बतावणी केली. रचनेचे कौतुक झाले. ही हकिकत कूप्रँने १७२६ मध्ये आपल्या ‘राष्ट्रे’ या अर्थाच्या नावाने छापलेल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत स्वतःच सांगितली आहे. श्रोत्यांची रुची नावावर किती अवलंबून असते, याचा यापेक्षा स्वच्छ दाखला त्या काळात दुसरा नाही. १७१४ व १७१५ मध्ये वृद्ध राजासाठी रचलेल्या छोटेखानी संगीताचा संग्रह त्याने १७२२ मध्ये छापला आणि १७२४ मध्ये ‘संयुक्त अभिरुची’ अशा आशयाचे नाव देऊन त्यास पुढचा भाग जोडला. १७२५ मधील ल्यूलीच्या गौरवार्थ लिहिलेल्या रचनेत तर ल्यूली व कोरेल्ली पार्नासस पर्वतावर भेटतात आणि दोन्ही रुचींच्या मीलनातच संगीताची परिपूर्ती आहे असे अपोलो त्यांना पटवितो. हस्तलेखनातील गंमत अशी, की ल्यूलीची ओळ जुन्या फ्रेंच व्हायोलिन-कळीत, तर कोरेल्लीची इटालियन कळीत लिहिलेली आहे. मग दोघे एकत्र वाजवितात आणि आळीपाळीने एक मुख्य ओळ घेतो व दुसरा साथ करतो.

कूप्रँचे हार्पसिकॉर्डसाठी लिहिलेले चार संग्रह (१७१३–३०) हे खाजगी श्रवणाचे सर्वोच्च फळ होय. व्यक्ती, ऋतू, पक्षी, पवनचक्क्या, लपंडाव खेळणारे भाव अशी नावे धारण करणाऱ्या या लहान रचना मोठ्या सभागृहासाठी नाहीत. चकित करण्यापेक्षा हृदयाला भिडणारे संगीत आपल्याला अधिक प्रिय आहे, अशी त्याची पहिल्या संग्रहातील भूमिका आहे आणि ती पुढे कोठेही सुटत नाही. वादनातील रुचीचा प्रश्नही त्याने उघड केला. फ्रेंच संगीत जसे लिहिलेले असते तसे वाजवावयाचे नसते. समान लांबीचे दिसणारे स्वर वाजविताना किंचित लांब-आखूड करावे लागतात, आणि हे लांब-आखूड किती, हे कागद सांगत नाही. परदेशी वादकांना फ्रेंच संगीत नीट का साधत नाही याचे कारण त्याने यातच शोधले. अलंकरणाबाबत मात्र त्याने वादकाला मोकळीक दिली नाही. चिन्हे गाळणाऱ्यांवर तो १७२२ च्या प्रस्तावनेत स्पष्टपणे रागावला आहे. अभिरुची शिकविता येत नाही असे मानणारा आणि तरी तिचे प्रत्येक चिन्ह कोरून देणारा हा रचनाकार आहे, आणि त्याच्या संगीताची ओढही या ताणातच आहे.

व्हायोल या वाद्याच्या कथेत रुचीचा बदल एखाद्या व्यक्तीच्या आयुष्यासारखा पाहावयास मिळतो. व्हायोल हे पडदे बांधलेले, गुडघ्यांत धरून गजाने वाजवावयाचे तंतुवाद्य. मारँ मारे (१६५६–१७२८) याने १६८६ ते १७२५ या काळात त्यासाठी पाच संग्रह प्रसिद्ध केले. त्याचा गुरू सँत कोलोंब एका तुतीच्या झाडावर बांधलेल्या खोलीत सराव करीत असे आणि शिष्य आपल्याला मागे टाकील या भीतीने त्याने शिकविणे थांबविल्यावर मारे त्या खोलीखाली दडून ऐकत असे, अशी गोष्ट तितों द्यू तिये याने १७३२ मध्ये लिहिली. १९९१ मधील आलँ कॉर्नो दिग्दर्शित चित्रपटामुळे ती जगभर पोहोचली. मारे देवदूतासारखा, तर आंत्वान फॉर्क्रे (१६७२–१७४५) सैतानासारखा वाजवितो, असा भेद ह्यूबेर ल ब्लां याने केला आहे. याच ल ब्लांने १७४० मध्ये व्हायोलिनच्या आक्रमणापासून व चेलोच्या हव्यासापासून व्हायोलचा बचाव करणारी पुस्तिका ॲम्स्टरडॅमला छापली. तिचा सूर विनोदी असला तरी तीत हरत चाललेल्या पक्षाची व्यथा लपत नाही. व्हायोलचा आवाज जवळून ऐकणाऱ्यासाठी होता आणि संगीत आता मोठ्या दालनांकडे चालले होते. पंधराव्या लूईची कन्या आंरिएत (१७२७–५२) हिला चित्रकार नात्ये याने व्हायोल वाजविताना रंगविले, तोवर ते वाद्य बहुतांशी राजघराण्याच्या व मोजक्या रसिकांच्या हौसेचे झाले होते.

मोठ्या दालनांची वाट १७२५ मध्ये खुली झाली. आन दानिकां फिलिदोर याने त्या वर्षी १८ मार्च रोजी त्युइलरी राजवाड्यातील सभागृहात धार्मिक संगीतसभांची मालिका सुरू केली. सणावारी संगीतिका बंद असत, त्या दिवशी तिकीट काढून मोटेट व वाद्यसंगीत ऐकण्याची सोय झाली. पहिल्याच सभेत दलालांदचे मोटेट आणि कोरेल्लीचा नाताळ रात्रीचा कॉन्चेर्तो शेजारी शेजारी वाजले. ज्या दोन रुचींवरून लेखक भांडत होते त्या श्रोत्यांनी एकाच संध्याकाळी ऐकल्या. या सभा १७९० पर्यंत चालल्या. घरी वाजविणाऱ्या हौशी मंडळींसाठी छपाईचा व्यापारही वाढला. बासरी, म्यूझेत ही नाजूक मशकवजा सनई आणि चाक फिरवून वाजवावयाची व्हिएल यांची सरदार घराण्यांत लाट आली. मेंढपाळांची वाद्ये रेशमी वेष्टनात दिवाणखान्यात पोहोचली. बुआमोर्तिये (१६८९–१७५५) हा रचनाकार कोणाच्याही पदरी न राहता या ग्राहकांच्या बळावर सुखाने जगला. पंडितांनी त्याला कमी लेखले, पण आश्रयदाता ही व्यक्ती जाऊन ग्राहक हा समुदाय येत असल्याची ती पहिली खूण होती.

याच सुमारास विचारवंतांनीही श्रोत्याचा पक्ष घेतला. आबे द्यूबो याने १७१९ मध्ये काव्य व चित्रकला यांवरील ग्रंथात प्रतिपादन केले, की रश्शाची चव चांगली आहे की नाही हे आपण भूमितीने ठरवीत नाही, तो चाखून पाहतो. कलेचेही तसेच आहे, आणि म्हणून भावनेने निवाडा करणारी जनता बहुधा व्यवसायी समीक्षकांपेक्षा अधिक अचूक असते. अर्थात त्याची ‘जनता’ वाचन व सहवासाने ज्यांची रुची घडली अशांपुरतीच मर्यादित होती. शब्दांवाचून केवळ वाद्यांवर वाजणाऱ्या संगीताचे मात्र फ्रेंच बुद्धिवाद्यांना शेवटपर्यंत कोडे पडले. सोनाटा ऐकताना वैतागून, याला माझ्याकडून हवे तरी काय, असा प्रश्न फाँतनेल या वृद्ध विद्वानाने केला, ही गोष्ट रूसो व दालांबेर या दोघांनी सांगितली आहे.

झां फिलिप रामो (१६८३–१७६४) याच्या ‘इपोलित ए आरिसी’ या पहिल्या संगीतिकेने १७३३ मध्ये श्रोत्यांत फूट पाडली. रामो तेव्हा पन्नाशीचा होता आणि १७२२ मधील स्वरसंवादावरील ग्रंथामुळे तो शास्त्रज्ञ म्हणून परिचित होता. वृद्ध रचनाकार काँप्रा याने या एका संगीतिकेत दहा संगीतिकांना पुरेल एवढे संगीत आहे, असा अभिप्राय दिला. ल्यूलीच्या कैवाऱ्यांना नेमके तेच खटकत होते. त्यातील तीन दैवदेवतांचे एक त्रिगान गायकांना झेपेना म्हणून प्रयोगातून काढून टाकावे लागले. १७३४ मध्ये ‘मेर्क्यूर द फ्रांस’ या नियतकालिकात एका निनावी लेखकाने हे संगीत बेढब व विसंगत आहे या अर्थाने ‘बरोक’ हा शब्द वापरला. आज सबंध युगाला जे नाव सन्मानाने दिले जाते, ते संगीताला प्रथम एका नाराज श्रोत्याने चिकटविले.

दुसरा वाद अधिक स्फोटक ठरला. १ ऑगस्ट १७५२ रोजी बाम्बीनीच्या इटालियन मंडळीने पॅरिसच्या राजमान्य नाट्यगृहात पेर्गोलेसीचे ‘मोलकरीण झाली मालकीण’ या आशयाचे छोटे विनोदी संगीत नाटक सादर केले. दोन गायक, एक मुका नोकर आणि मोजकी तंतुवाद्ये एवढ्या सामग्रीवर ते उभे होते. फ्रेंच संगीताचे समर्थक राजाच्या सज्जाखाली व इटालियन संगीताचे राणीच्या सज्जाखाली उभे राहू लागले आणि त्यावरून दोन्ही पक्षांना राजाचा कोपरा व राणीचा कोपरा अशी नावे पडली. सुमारे साठ पुस्तिका निघाल्या. नोव्हेंबर १७५३ मध्ये झां झाक रूसो याने फ्रेंच संगीतावरील पत्रात टोक गाठले : फ्रेंच भाषाच संगीताला प्रतिकूल असल्यामुळे फ्रेंचांना संगीत नाही व असूही शकणार नाही, असा निर्णय त्याने दिला. वाद्यवृंदातील लोकांनी त्याच्या प्रतिमेचे दहन केले. त्याच वर्षी पॅरिसच्या न्यायसभेचे सभासद राजाज्ञेने हद्दपार झाले होते आणि शहरात तणाव होता. आपल्या पत्राने लोकांचा राग संगीताकडे वळविला आणि एक उठाव टळला, असे रूसोने पुढे आत्मचरित्रात सांगितले. हा दावा फुगविलेला आहे, पण तो करावासा वाटणे यातच वादाची पातळी कळते. दालांबेर याने १७५९ मध्ये यामागील भीती उपरोधाने उघड केली. काही मंडळींच्या लेखी संगीतातील स्वातंत्र्य मागणे म्हणजे आधी भावनेचे, मग विचाराचे आणि अखेर कृतीचे स्वातंत्र्य मागणे होय, असे तो लिहितो. राजसत्तेने एके काळी संगीतिकेचा मक्ता देऊन जी आवड आपल्या हाती ठेवली होती, ती आता प्रजेच्या मताचा विषय बनली होती.

या सर्व गदारोळात व्यक्तीचा कान पक्षाची शिस्त पाळत नव्हता. ऑक्टोबर १७५२ मध्ये फोंतेनब्लो येथे रूसोची ‘गावचा ज्योतिषी’ या आशयाची छोटी संगीतिका झाली, तेव्हा पंधरावा लूई दुसऱ्या दिवशी तीतील नायिकेचे गीत अत्यंत बेसूर आवाजात गुणगुणत राहिला, असे रूसोने नमूद केले आहे. ज्याच्या नावाचा कोपरा रूसोच्या विरोधात उभा होता, त्या राजाच्या ओठी रूसोचीच चाल होती. उलट बाजूस, रामोच्या ‘कास्तोर ए पोल्यूक्स’चे १७५४ मधील पुनरुज्जीवन इतके गाजले, की इटालियन मंडळी परतल्यावर फ्रेंच पक्षाने तो आपला विजय मानला. दीद्रोने ‘रामोचा पुतण्या’ या संवादात एकाच बेबंद पात्राच्या मुखातून दोन्ही शैलींची नक्कल करविली. तो संवाद दीद्रोच्या हयातीत छापला गेला नाही.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. पत्रे, पुस्तिका व आठवणी यांतून बोलणारा श्रोता बहुतांशी पॅरिस आणि व्हर्साय येथील आहे. मार्से येथे १६८५ पासून संगीतिका होत होत्या व काही नगरांत हौशी संगीतमंडळे होती. तथापि बहुसंख्य फ्रेंच लोक चर्चमधील गायन, जत्रेतील गाणी व नाचाच्या चाली एवढेच ऐकत आणि त्यांना काय आवडे हे कोणी लिहून ठेवलेले नाही. नाट्यगृहातील श्रवण आजच्यासारखे मुकाट नव्हते. दिवे जळत असत, खालच्या मोकळ्या जागेत पुरुष उभे राहून मोठ्याने मते देत, वर्षभरासाठी भाड्याने घेतलेल्या सज्जांत भेटीगाठी चालत. १७७४ पासून ग्लुकच्या संगीतिका पॅरिसमध्ये आल्या, तेव्हा प्रेक्षक शांत बसून रडू लागल्याच्या नोंदी वाढतात. मादाम द सेव्हीन्येच्या पत्रातील अश्रू शंभर वर्षांनी सभागृहाची रीत झाले. ग्लुक आणि पिच्चीनी यांच्या पक्षांचा वाद त्यानंतर काही वर्षे रंगला, पण त्यात ल्यूली व रामो मागे पडले.

क्रांतीनंतर हे संगीत जवळजवळ लुप्त झाले. त्याचे पुनरुज्जीवनही रुचीच्या राजकारणापासून अलिप्त नव्हते : १८७०–७१ च्या पराभवानंतर फ्रेंच संगीतकारांना जर्मन प्रभावाला उत्तर देणारी स्वदेशी परंपरा हवी होती. १८९५ पासून सँ सांस याच्या देखरेखीखाली रामोच्या समग्र संगीताची आवृत्ती निघू लागली. दब्यूसीने १९०५ मध्ये रामोला अभिवादन करणारी पियानोरचना प्रसिद्ध केली, तर राव्हेलने पहिल्या महायुद्धाच्या काळात कूप्रँच्या नावाने रचनामाला लिहिली. वांदा लांदोव्स्का (१८७९–१९५९) हिने हार्पसिकॉर्ड पुन्हा मैफलीत आणले. जुन्या फ्रेंच पट्टीचा आधारस्वर आजच्यापेक्षा सुमारे एक पूर्ण स्वर खाली असे. आतड्याच्या तारा, जुने गज व लांब-आखूड स्वरांची रीत यांसह हे संगीत पुन्हा ऐकू येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. रामोच्या अखेरच्या ‘बोरेआद’ या संगीतिकेची तालीम १७६३ मध्ये झाली होती, पण तिचा पहिला रंगमंचीय प्रयोग एक्स-आं-प्रोव्हांस येथे १९८२ मध्ये झाला. विल्यम क्रिस्टी या अमेरिकेत जन्मलेल्या संगीतकाराने १९७९ मध्ये वाद्यवृंद व गायकवृंद उभारला आणि त्याने सादर केलेली ‘आतीस’ १९८७ मध्ये पॅरिसच्या श्रोत्यांनी डोक्यावर घेतली. एके काळी राजाची म्हणून ओळखली गेलेली ही संगीतिका आता तिकीट काढून येणाऱ्यांची झाली होती. शार्पांत्येला हयातीत जी दाद मिळाली नाही ती निराळ्याच वाटेने आली : त्याच्या ‘ते देउम’ या स्तोत्ररचनेचे प्रारंभीचे तुतारीवादन यूरोपीय दूरचित्रवाणी संघाने आपली ओळखधून म्हणून स्वीकारले, आणि रचनाकाराचे नाव ठाऊक नसलेल्या लाखो घरांतून ते ऐकले गेले.